शेंदराच्या दगडांमागून

संयुक्त महाराष्ट्राच्या त्या दिवसांत गिरगावात आज मोर्चा तर उद्या हरताळ. एका मोर्च्यात ह्यांच्या शेजारच्या माणसाला लाठी बसली, हे सुखरूप घरी आले आणि म्हणाले, "देवीनं वाचवलं. जाऊन ओटी भरायची."

मी म्हटलं, "अहो, पळालात म्हणून वाचलात." देवावर माझा राग नव्हता, पण सगळं त्याच्या नावावर घालणं मला पटत नसे. तरी गेले.

कुलदेवी सह्याद्रीच्या पठारावर. परळच्या मित्राची लष्करी लिलावातली जीप मागून घेतली होती. ओटी भरून निघालो आणि भर माळावर ह्यांच्या पोटात कळ आली. उजवी कूस धरून वाकलेच, ओकाऱ्या थांबेनात. गाडी मी घेतली. वडिलांची फणसवाडीत टॅक्सी होती, म्हणून चालवता येत होती, पण डांबरावर. इथे सगळा ज्वालामुखीचा थिजलेला काळा कातळ. त्यावर चाकाची खूण उमटत नाही. येतानाची वाट कुठली, तेच कळेना. डॉक्टर गाठायचा होता आणि मी जागच्या जागी फिरत होते.

तेवढ्यात शेंदूर फासलेला दगड दिसला, पुढे दुसरा, मग तिसरा. घाटरस्त्याच्या कडेला रंगवलेले दगड असतात, तसेच हे, असं धरून मी त्यांच्या मागोमाग जीप घेतली.

"अगं, येताना हे दगड नव्हते," हे कण्हत म्हणाले.

"तुम्ही बोलू नका."

एका उतारावर जीप कलली, खालून खडक करकरला. पहिल्या गिअरमध्येच तशीच उतरवली, तर समोर अनोळखी वाडी. दारात धान्य पाखडणारी म्हातारी उठून उभी राहिली.

"आगं बया, हिकडनं गाडी? ही वाट न्हवं, गावाची शीव हाय. राखणदाराचे दगुड हायेत ते!"

"आजी, डॉक्टर कुठे मिळेल?"

"त्यो काय, देवळात बसलाय. वरसातनं एकदा येतो टोचायला."

त्या सरकारी डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि आपल्याच गाडीतून तालुक्याला नेलं. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. संध्याकाळी ऑपरेशन झालं.

माझी हुशारी म्हणावी, तर मी चुकले होते. कृपा म्हणावी, तर त्या गडबडीत मला देवीचं नावसुद्धा आठवलं नव्हतं. न मागता कुणी देतं का? अजून विचार केला की डोकं गोंधळतं. ह्यांचा ताप उतरला त्या सकाळी, इस्पितळाच्या खिडकीशी मी हात जोडले. कुणाला, ते नीट कळलं नाही. कळायची वाट पाहत थांबले मात्र नाही.