सावंतांचा स्कॅनर आणि माझा कान

चार माणसं दर रविवारी एकाच पार्किंगमध्ये बॉनेट उघडून उभी राहिली की गाड्या फारशा सुधारत नाहीत, किस्से मात्र साठत जातात. आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीत बी विंगखाली ही मैफल कित्येक वर्षं चालली. त्यातले बरेचसे किस्से मी लग्नाच्या पंगतीतही सांगितले आहेत. हे पुढचे मात्र टाळत आलो, कारण त्यांत मी जळत होतो. जळणं म्हणजे अगदी रीतसर, सकाळ-संध्याकाळ!

आधी माझा मान सांगतो. तळोज्याच्या एका कारखान्यात मी पंपांच्या मेंटेनन्सला होतो. पंपाला कान लावून बेअरिंग किती दिवस काढेल ते सांगायचो. तीच सवय गाड्यांना लावली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. डोळे मिटायची तशी काही गरज नव्हती, पण समोरच्याला बरं वाटायचं. सोसायटीत मला 'डॉक्टर पाटणकर' म्हणत. गाडी कुरकुरली की लोक गॅरेजच्या आधी माझी बेल वाजवत.

मग स्मार्टफोन घरोघरी आले, आणि त्याच सुमारास खारघरहून सावंत राहायला आले. बँकेत ऑफिसर, रविवारीसुद्धा इस्त्रीचा शर्ट. गाडी घरीच दुरुस्त करायची हौस, आणि नखं मात्र स्वच्छ. मला माणूस तिथेच खटकला.

*

पहिला दणका म्हात्रेंच्या गाडीवरून बसला. म्हात्रे आमच्या मंडळींतले सगळ्यात जुने, मूळचे उरणकडच्या खाडीकाठचे. त्यांच्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा चार दिवस जळत होता. मी दोनदा कान लावला आणि पेट्रोल खराब आहे असं निदान करून टाकलं.

सावंतांनी खिशातून काडेपेटीएवढी निळी डबी काढली. स्टिअरिंगखाली एक सॉकेट असतं, त्यात ती खोचली. फोनकडे बघून मिनिटभरात म्हणाले, ऑक्सिजन सेन्सर गेलाय. मी मोठ्याने हसलो. मी एकटाच हसलो.

सेन्सर बदलला आणि दिवा गेला. म्हात्रे माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "डॉक्टर, तुमचा कान चांगलाच हाय. पन यंत्र ते यंत्र."

त्या दिवशी घरी मटण होतं. मला जेवण गेलं नाही.

*

दुसऱ्याच आठवड्यात मी ठरवलं, आपणही असला स्कॅनर घ्यायचा. सावंतांपेक्षा स्वस्त आणि सावंतांपेक्षा भारी. दोन्ही एकदम मिळत नाही, हे मला पंपांच्या बाबतीत पक्कं ठाऊक होतं. पण जळणाऱ्या माणसाला असलं काही आठवत नाही.

सगळ्यात स्वस्त होता तो मागवला. कुरिअर आलं तेव्हा बायको बाजारात होती, हे बरं झालं. दुपारी सगळे झोपलेले बघून मी खाली गेलो आणि माझ्या गाडीत सॉकेट शोधायला लागलो. स्टिअरिंगखाली नाही. डॅशबोर्डखाली नाही. पॅडलजवळ डोकं आणि पाय दाराबाहेर अशा अवस्थेत मी तासभर होतो.

शेवटी पायांवरून ओळखून इक्बालभाई थांबले. इक्बालभाई पनवेलचेच, कुवेतला बारा वर्षं गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काढून परतलेले. त्यांनी वाकून विचारपूस केली आणि शांतपणे म्हणाले, "पाटणकर, तुमची गाडी कार्ब्युरेटरवाली आहे. तिच्यात कॉम्प्युटरच नाही, तर सॉकेट कुठून येणार मियाँ?"

पंधरा वर्षं मी ती गाडी स्वतःच्या हातांनी खोलत-जोडत होतो. तिच्यात काय नाही हे मला माहीत नव्हतं असं नाही. रागाच्या भरात विसरलो होतो!

*

मध्ये एकदा नशीब माझ्या बाजूने आलं. सावंतांच्या स्वतःच्याच गाडीत खडखड सुरू झाली. त्यांनी डबी लावली. फोन म्हणाला, काही दोष नाही. त्यांनी परत लावली. परत तेच. मी मात्र मागच्या सीटवर बसून कोपऱ्यापर्यंत एक चक्कर मारली आणि सीटखालून स्टीलच्या डब्याचं झाकण काढून त्यांच्या हातात दिलं.

संध्याकाळपर्यंत मी हा किस्सा तीन मजल्यांवर सांगितला. चौथ्या मजल्यावर पोचलो तर तो तिथे आधीच पोचला होता. सावंतांनी स्वतःच सांगितला होता, आणि माझ्यापेक्षा चांगला सांगितला होता. लोक हसून हसून लोटपोट. "किती साधा माणूस," माझी बायको म्हणाली. "स्वतःवर हसतो बघा."

हरल्यावरसुद्धा हाच माणूस जिंकतो, याचं मला काय करावं कळेना.

*

मग मी इक्बालभाईंना विश्वासात घेतलं. माझी ती स्वस्तातली डबी त्यांच्या गाडीला लावून पाहिली. तिच्यात दिवा लागला, पण ती एक शब्द बोलली नाही. इक्बालभाई म्हणाले, स्वस्त घ्यायला हरकत नाही, पण गाडीला लावून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, आणि फोनवर चालणारा घ्यायचा नाही. वायरीचा, छोट्या पडद्याचा घ्यायचा. "फोन बदलला, ॲप बदललं, तरी त्याला फरक पडत नाही. अपने पैरों पे खडा रहता है."

कामोठ्याला स्पेअर पार्टच्या एका दुकानात आम्ही त्यांची गाडी दारातच लावली आणि तीन स्कॅनर लावून बघितले. एकाला गाडीच सापडेना. दुसऱ्याने इक्बालभाईंच्या धडधाकट गाडीत अकरा दोष काढले. तिसऱ्याने एकच काढला, आणि तो दोष खरंच असल्याचं इक्बालभाईंनी कबूल केलं. तो घेतला. इक्बालभाईंना मी शपथ घातली की हे कुणाला सांगायचं नाही.

कारण माझा बेत वेगळा होता. लोक गाडी दाखवायला किल्ली देऊन वर जात. मी आधी गुपचूप स्कॅनर लावायचा, मग मालकाला बोलवायचं, स्क्रूड्रायव्हर कानाला लावायचा आणि डोळे मिटायचे.

"दुसरा सिलिंडर मिस मारतोय," मी पहिल्यांदा असं म्हणालो तेव्हा सावंत शेजारी उभे होते. त्यांनी डबी लावली. फोनवर दुसरा सिलिंडर! ते माझ्या कानाकडे बघत राहिले. त्या दिवशी मी दोनदा जेवलो.

*

आता शेवटचा. हा मी आजवर बायकोलाही सांगितलेला नाही.

गणपतीला आमची निम्मी सोसायटी कोकणात जाते. त्याआधी गाड्या तपासायची रीत मी सुरू केली होती. शनिवार-रविवार माझ्यासमोर रांग लागायची. शेवटच्या गाडीची तपासणी झाली की मंडळी मला मानाचा नारळ द्यायची. वर्षभर मी त्या नारळाची वाट बघायचो, खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी लिफ्टजवळ कमिटीची नोटीस लागली. शनिवार : तेल, पाणी, हवा, श्री. पाटणकर. रविवार : कॉम्प्युटर तपासणी, श्री. सावंत.

तेल, पाणी आणि हवा. पेट्रोल पंपावरचा माणूस करतो ते!

शनिवारी दुपारी पाच गाड्यांच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या. मी तेल बघितलं, पाणी बघितलं, हवा बघितली. मग वर जाऊन स्कॅनर घेऊन आलो. तीन गाड्यांत कोड, म्हणजे दोषांचे नंबर, निघाले. दिवे अजून लागलेले नव्हते, म्हणजे मालकांना पत्ता नव्हता. कारखान्याच्या सवयीने मी ते डायरीत लिहिले आणि एकेक करून पुसून टाकले. पाचही गाड्यांची पाटी कोरी! सावंतांच्या डबीला काही सापडणार नाही, दोन दिवसांनी हायवेवर दिवे लागतील आणि लोक म्हणतील, कसलं हे यंत्र.

रविवारी सावंतांनी पाचही गाड्या तपासल्या. एकाही गाडीत दोष नाही. मंडळी खूश झाली. सावंतांचा पायगुण म्हणाली. आणि नारळ सावंतांना दिला.

मी वर येऊन बसलो तेव्हा मला म्हात्रे आठवले. त्यांच्या गाडीचा कोड रेडिएटरच्या पंख्याचा होता. ते पहाटे निघणार होते, ऐंशी वर्षांच्या आईला तिच्या माहेरी घेऊन, महाडपर्यंत. चढावर, ट्रॅफिकमध्ये पंखा बंद पडला तर काय होतं हे मला त्यांच्यापेक्षा जास्त कळत होतं. तोंड उघडलं तर डॉक्टर संपला. नाही उघडलं तर म्हातारी रस्त्यावर. मी अर्धा तास नुसता पंख्याखाली बसून घामाघूम झालो. शरम वाटली, पण उठवेना.

बेल वाजली. दारात सावंत होते. आत येऊन त्यांनी दार स्वतःच लोटलं.

"पाटणकरसाहेब, माझ्या फोनवर एक आकडा दिसतो," ते हळू आवाजात म्हणाले. "कोड पुसल्यापासून गाडी किती चालली त्याचा. पाचांतल्या तीन गाड्यांत शून्य किलोमीटर आहे."

मी पंखा एकाने वाढवला.

"आणि किल्ल्या काल तुमच्याकडे होत्या."

मी उठून डायरी आणली. म्हात्र्यांच्या पानावर बोट ठेवलं आणि म्हणालो, हे आजच बघायला हवं. त्यांनी वाचलं, मान हलवली, आणि आम्ही दोघं खाली गेलो. पंख्याच्या कनेक्टरला हिरवा गंज चढला होता. तो घासून साफ करून परत बसवायला अर्धा तास लागला. म्हात्रे धावत आले, सकाळी तर गाडी ओक्के होती, आता काय झालं म्हणून.

सावंत हात पुसत म्हणाले, "यंत्रात काही आलं नव्हतं. पाटणकरांच्या कानाला शंका आली."

म्हात्र्यांनी माझे दोन्ही हात धरले. मला सावंतांचा इतका राग आधी कधीच आला नव्हता.

जिना चढताना सावंत पहिल्या मजल्यावर थांबले. स्कॅनर बघायला मागितला. मी खिशातून काढून दिला. त्यांनी तो उलटा केला, वायर बघितली, बटणं दाबून बघितली, परत द्यायला पुढे केला आणि दिला नाही.

"याच्याने पुसता येतं," ते म्हणाले. "माझ्या डबीने नुसतं वाचता येतं. हा केवढ्याला पडला तुम्हाला?"

मी अठराशेला घेतला होता. तेवढ्यात त्यांनी उद्याच आणला असता.

"साडेचार हजार," मी म्हणालो, आणि त्यांचा चेहरा बघत उभा राहिलो.