वरच्या मजल्याची जमीन

व्लादेता रक्तदाब तपासून घ्यायला येतो तेव्हा खुर्चीत बसत नाही, पडतो. औषधांचं दुकान सोडून मला बरीच वर्षं झाली, पण यंत्र माझ्याकडे आहे आणि शहर लांब, म्हणून अर्धं गाव माझ्या स्वयंपाकघरात दंड पुढे करून बसतं. बाकीचे आपापल्या दुखण्यांबद्दल बोलतात. व्लादेता त्या सबंध वर्षात फक्त फळ्यांबद्दल बोलत होता.

त्याचा मुलगा दालिबोर परदेशात, लिंझला असतो, बायकामुलांसह. आमच्याकडे प्रत्येक घराचा एक संत असतो. त्याच्या दिवशी, स्लावाला, मुलगा असेल तिथून बापाच्या घरी येतो, तिथेच जेवतो आणि तिथेच झोपतो. हे कुणी कुणाला शिकवत नाही. आदल्या स्लावाला दालिबोर आला, जेवला, आणि संध्याकाळी मुलांना गाडीत घालून शहरातल्या हॉटेलात झोपायला गेला.

वरच्या मजल्याला जमीनच नव्हती. घर बांधताना खालच्या खोल्या पुऱ्या झाल्या, वर भिंती उभ्या राहिल्या, खिडक्यासुद्धा बसल्या, आणि मग इथे सगळ्यांचं थांबतं तसं काम थांबलं. वर उघडं काँक्रीट आणि त्यावर पसरलेले कांदे. मुलांना सर्दी होईल असं सून म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. गावात कुणी तोंडावर काही बोललं नाही. पण तो सबंध हिवाळा पाव आणायला दुकानात त्याची बायको कोसारा जायची, व्लादेता नाही.

तेव्हा त्याला हवं होतं ते एवढंच. पुढच्या स्लावापर्यंत, म्हणजे त्यांच्या संत लुकाच्या दिवसापर्यंत, वरच्या एका खोलीला लाकडी जमीन व्हावी, आणि पोरगा त्या छपराखाली झोपावा.

मी म्हटलं, दुकानात तयार जमीन मिळते, दोन दिवसांत बसते, पाय गरम राहतात. त्यावर तो म्हणाला की बापाच्या रानात ओक उभा असताना पोराला पुठ्ठ्यावर झोपवायचं का. मी त्याला गोळ्या वेळेवर घ्यायला सांगितल्या.

ओक वाऱ्याने कललेला होता, उताराच्या अगदी टोकाशी. तिथवर ट्रॅक्टर जात नाही आणि एका ओंडक्यासाठी लाकूड चिरणारा गिरणीवाला यायला तयार नाही. म्हणून व्लादेताने चेनसॉला लावायची लोखंडी चौकट आणली. ओंडक्यावर ॲल्युमिनियमची शिडी स्क्रूने घट्ट करायची आणि तिच्यावरून चौकट सरकवत पहिला काप घ्यायचा. एकदा वरचा भाग सपाट झाला की शिडी काढायची, पुढची प्रत्येक फळी आधीच्या कापावरून उतरते. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात माणूस वाकलेला, मशीन छातीशी, धूर नाकात, आणि लाकडाच्या लांबीभर मुंगीच्या वेगाने पुढे सरकायचं. ओला ओक लोखंडासारखा असतो. एक फळी झाली की साखळी बोथट. मग ओंडक्यावर बसून एकेक दात कानशीने घासायचा.

काप मिटू नये म्हणून मागे पाचर मारायचं काम कोसाराचं. तिचे गुडघे गेलेले आहेत, तरी ती उतार चढून जायची. तिने मला सांगितलं की लग्नात पाद्र्याने सुखदुःखाचं विचारलं होतं, ओंडक्यांचं विचारलं असतं तर तिने जरा विचार केला असता.

घोडी लावून फळ्या खाली आणेपर्यंत चेरी पिकल्या. व्लादेता तोपर्यंत इतका वाळला होता की त्याचा पट्टा कमरेला दीड वेढा बसायचा. लाकूड मात्र वाळलेलं नव्हतं. ओकाची फळी सावलीत रचून ठेवली तर वर्ष-दोन वर्षं मागते, आणि स्लावा शरद ऋतूत.

इथे त्याला वाळवणघर सुचलं. आलुबुखार वाळवायचं वाळवणघर इथे घरटी एक असतं. विटांची बुटकी खोली, खाली चुलीचा बोगदा, आत जाळ्यांचे कप्पे, वर झरोके. कोसाराचं वाळवणघर तिच्या सासूच्या हातचं, आणि तिचं आलुबुखार घ्यायला शहरातून माणसं येतात. फळ उतरेपर्यंत ते रिकामंच असतं. व्लादेताने जाळ्या काढल्या, मागची भिंत फोडून लांबी वाढवली, चुलीच्या जागी पिंपाची भट्टी बसवली. मोडीत काढलेल्या गाडीचा पंखा बॅटरीवर जोडला, हवा फिरावी म्हणून. फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून थर रचले आणि वाकू नयेत म्हणून वर दगड ठेवले. कोसाराने एकच अट घातली, फळ उतरायच्या आत तिची खोली तिला परत पाहिजे.

भट्टी पेटली. तो रोज रात्री उठून लाकडं घालायचा, दुपारी बॅटरी बदलायचा. झोप अशी नव्हतीच. माझ्याकडे आला की बोलता बोलता डोळे मिटायचे, आणि मी दंडावरचा पट्टा सोडेपर्यंत तो घोरत असायचा.

उन्हाळा संपता संपता त्याने मला बोलावून नेलं. फळ्या अंगणात भिंतीला टेकवलेल्या होत्या. सरळ, फिकट पिवळ्या, कुठे तडा नाही.

"वाजवून बघा, शेजारीणबाई."

मी बोटाच्या पेरांनी वाजवलं. टणटणीत आवाज आला. तो हसला. त्याचे किती दात गेले आहेत ते मला त्या दिवशी कळलं. मग त्याने खोलीच्या मापासाठी पहिली फळी आडवी घेतली आणि टोक कापलं.

आत भोकं होती. लांबट, अर्धवट मिटलेल्या डोळ्यांसारखी, नीट न फुगलेल्या पावात असतात तशी. त्याने आणखी वीतभर आत कापलं. तेच. मधोमध कापलं. तेच. दुसरी फळी घेतली. तिसरी घेतली. पायाखाली टिकेल अशी एकही नव्हती. कोसारा आली आणि तिने मशीन बंद केलं. त्याने तिला करू दिलं.

मी विचारलं, पहिल्या दिवसांत झरोके उघडे होते का.

"मग काय बंद ठेवू? घाम कुठून जाणार?"

"आलुबुखाराचा घाम," कोसारा म्हणाली. "हे लाकूड आहे रे."

आलुबुखार पहिल्या दिवशीच पाणी टाकतं, ते कोंडलं तर फळ आंबतं. म्हणून आमच्याकडे सुरुवातीला झरोके सताड उघडायचे आणि शेवटी मिटायचे, हे मुलांनाही ठाऊक असतं. लाकडाचं नेमकं उलटं. सुरुवातीची वाफ आत कोंडून ठेवावी लागते, नाहीतर वरची कातडी वाळून कडक होते आणि आतलं ओलं लाकूड आक्रसताना फाटत जातं. मी हे नंतर वाचलं. हाताला लहानपणापासून जी सवय तीच त्याच्या हाताने केली, आणि ती करताना आपण काही ठरवतोय असंही त्याला वाटलं नसणार.

त्यानंतर फळ आलं. भिंत पुन्हा बांधून त्याने बायकोला वाळवणघर दिलं आणि स्वतः जाळ्या उचलू लागला. फळ्यांचं नावही काढत नव्हता. मी पुन्हा एकदा दुकानातल्या जमिनीचं सुचवून बघितलं, जरा जोरातच. तो म्हणाला, बघू. तो बघणार नव्हता. दालिबोरने फोनवर विचारलं होतं की या वेळी हॉटेल आधीच सांगून ठेवू का, गेल्या वेळी खोली कोपऱ्यातली मिळाली होती. पोरगा वाईट नाही. बापाला त्याने हे असं विचारलं याचंही त्याला काही वाटलं नसणार.

फोन झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे अंडी आणायला गेले, तर कोसारा गोठ्याच्या शिडीखाली उभी राहून नवऱ्याला माळ्यावर चढायला सांगत होती. गोठ्याच्या माळ्यावर काय असतं ते सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. साठी उलटली की इथे माणूस आपल्या शवपेटीच्या फळ्या करून ठेवतो. स्वतःच्या आणि बायकोच्या. ओकाच्याच. छपराखाली त्या वर्षानुवर्षं वाळत पडतात.

"माझ्या काढ आधी," ती म्हणाली.

"वेड लागलं का तुला? अपशकुन आहे हा."

"आणि पोरगा हॉटेलात झोपतो, तो शकुन आहे?"

तो शिडीला धरून उभा राहिला. मी निघायला हवं होतं, पण अंडी अजून मिळाली नव्हती.

"आणि मग तुला कशात घालू?"

"त्या भोकांच्या फळ्यांत घाल. भोकं आतल्या आत आहेत, मला कुठे दिसणार? आणि दिसली तरी मी काही तक्रार करायला येत नाही."

तो वर चढला. तिच्या फळ्या एकेक करून खाली आल्या, धुळीने काळ्या, पण वाजवल्यावर आवाज खरा. रंधा मारल्यावर आतून मधाच्या रंगाचं लाकूड निघालं. मधून कापली तर आत काही नाही, नुसतं लाकूड. तिच्या फळ्यांत खोली अर्धी झाली. मग त्याने आपल्याही काढल्या. त्या दारापासून कपाटापर्यंत पुरल्या. कपाटाखाली काँक्रीटच राहिलं, ते कुणी बघत नाही. काँक्रीटवर लाकडी पट्ट्या टाकून, गुडघ्यांवर रांगत त्याने खिळे ठोकले. संध्याकाळी कोसारा त्याला बगलेला धरून उठवायची, आणि मग दोघांपैकी कोण कुणाला धरून जिना उतरतंय ते सांगता येत नसे. दालिबोरला फळ्या कुठल्या ते सांगायचं नाही, असं तिने मलाही बजावलं. मी कशाला सांगू?

संत लुकाच्या दिवशी मी कॉफीला गेले. मेणबत्ती जळत होती, पाव कापून झाला होता, साखर-अक्रोड घातलेले शिजवलेले गहू सगळ्यांनी चमचाभर घेतले होते. वरच्या खोलीत नातवंडं धावत होती. छत दणाणत होतं आणि भिंतीकडेची म्हातारी मंडळी वर बघून माना डोलावत होती. ती एवढं बघून घरी गेली की गावभर होणार, हे व्लादेतालाही ठाऊक होतं. त्याने भाजलेल्या डुकराचं ताट माझ्यापुढे सरकवलं आणि बसल्या जागी, नव्या कोटात, झोपला. पाहुणे त्याच्याशी बोलत राहिले. दालिबोरने वडिलांच्या हातातला पेला हळूच काढून टेबलावर ठेवला.

ते दोन रात्री राहिले. जाताना सून इव्होना मनापासून म्हणाली की खोली उबदार आहे, मुलांना फार आवडली, आणि पुढच्या वर्षी शेजारची मोठी खोली झाली तर तिचे आईवडीलही येतील.

"करू की," व्लादेता म्हणाला.

गाडी वळणाआड गेली. कोसारा त्याच्याकडे बघत होती.

"करू की म्हणालास. कशाने?"

"उतारावर दुसरा ओक आहे."

"मला त्या उतारावर न्यायचं असेल तर आता पाठीवर घेऊन जा."

"न्यावं लागलं तर नेईन," तो म्हणाला, पण पायरीवर बसला आणि बसूनच राहिला. मीही बसले. कोसारा वर गेली आणि तिने जिन्यातून विचारलं की चादरी धुवायला काढू का.

"राहू दे," तो म्हणाला. "तशाच राहू दे जरा."

ती तरीही काढून घेऊन खाली आली. पोरांनी त्यांवर मुरंबा सांडला होता, तशा कशा ठेवणार. पंपाशी तिने त्या बादलीत बुडवल्या, आणि पिळताना दुसरं टोक धरायला तो उठला. उठायला त्याला वेळ लागला.