राणीच्या कानाखालचा ओरखडा

कोळशाची चिमूटभर भुकटी तोलण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली. कोराडीच्या वीज केंद्रातल्या प्रयोगशाळेत माझा काटा म्हणजे काटा, वजनात या बाईला कोणी फसवू शकत नाही, असा माझा लौकिक. आणि त्याच मी फोनवर फोटो पाहून सहा चांदीचे रुपये मागवले, आणि ते त्या काट्यावर एकदा ठेवून पाहावे, एवढी अक्कल मला सुचली नाही.

झालं असं, की भावाला मुलगी झाली. बारशाला नाव आत्यानं ठेवायचं आणि आमच्या घरी पायात तोरड्याही आत्यानंच घालायच्या. त्या दुकानातल्या तयार चालत नाहीत. आम्ही मूळचे उमरेडकडचे विणकर. आमच्यात जुना राणीछाप रुपया सोनाराकडे न्यायचा, आपल्या डोळ्यांदेखत मोडायचा आणि त्या चांदीच्या तोरड्या करायच्या, ही रीत. माझ्या तशाच झाल्या, भावाच्याही. घरातले रुपये त्यातच संपले. चांदीचे भाव तर आता बोलायची सोय नाही. तेवढ्यात फोनवर ते रुपये दिसले. अस्सल, जुने, प्रमाणपत्रासह, आणि किंमत नुसत्या चांदीच्या भावाहूनही कमी.

भाऊ एवढंच म्हणाला होता, की ताई, इतक्या स्वस्तात काहून देऊन राहिला तो? मी त्याला झापलं. तुझ्यापेक्षा चार बुकं जास्त शिकली मी, म्हटलं. पार्सल आलं तसं मी घरातलं लोहचुंबक रुपयांना लावून पाहिलं. चिकटलं नाही. झालं, अस्सल आहे, मी जाहीर करून टाकलं. तांबं-पितळही लोहचुंबकाला चिकटत नाही, हे मी कॉलेजात शिकले होते, आणि विसरलेही नव्हते. अर्ध्या हळकुंडानं पिवळी होणं म्हणतात ना, ते हेच.

इतवारीच्या एका बोळात आमचे सोनार काकाजी बसतात. वय झालेलं, बोलणं मोजकं. आई होती तेव्हापासून आमचं सगळं त्यांच्याकडे. आई तिथं घेऊन जायची तेव्हा दरवेळी एकच बजावायची, सोनारापुढून उठायचं नाही. चांदी मुशीत वितळून बाहेर येईपर्यंत नजर हलवायची नाही. त्यात अविश्वास नव्हता. पुढं कोणी कोणाला बोलू नये, यासाठी ती सोय होती, आणि सोनारालाही तीच हवी असायची.

मी तीन रुपये नेले, तीन घरी ठेवले. काकाजींनी ते हातात घेतले, उलटेपालटे केले, काहीतरी बोलणार तेवढ्यात माझा फोन वाजला. ऑफिसचा होता. बोळात गाड्यांचा कलकलाट, म्हणून मी उठले आणि कोपऱ्यापर्यंत गेले. दहा मिनिटं तरी गेली असतील. परत आले तर रुपये तिथंच, ओट्यावर. काकाजी म्हणाले, बसा, तुमच्यासाठी थांबलो आहे. मग त्यांनी माझ्यासमोर छिन्नी ठेवून एक रुपया मधोमध तोडला. आतून लालसर निघाला.

"बाई, हे चांदी नाही," ते म्हणाले. "वरून चांदीचं पाणी चढवलं आहे."

माझं डोकं मुळातच गरम. त्यात शिकलेली, त्यात चुंबक लावून पाहिलेली. मला एकच दिसलं, की मी उठले होते. मी म्हणाले, माझे रुपये चांगले होते, मी बाहेर गेले तेवढ्यात तुम्ही बदलले. आवाज चढलेला होता, आणि मी तो आवरला नाही. आईच्या वेळेपासून विश्वास ठेवला, त्याचे हे पांग फेडले, असंही बोलले. लाज वाटते आता लिहायला.

दुकानात आणखी एक बाई बसली होती. खेड्यावरून आलेली, सोबत लग्नाची मुलगी. सासूचे जाड तोडे मोडून मुलीसाठी पैंजण करायला आणले होते. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग काकाजींकडे पाहिलं. तोडे पुन्हा फडक्यात बांधले, मुलीला म्हणाली, चाल वं, आणि दोघी निघून गेल्या. काकाजी त्यांच्या पाठीकडे पाहत राहिले. मग मला म्हणाले, "तुम्ही बाहेर होत्या तवा मी हात नाही लावला." एवढंच. तोडलेले दोन तुकडे आणि दोन रुपये कागदात बांधून त्यांनी माझ्या हातात दिले.

मी तेवढ्यावर थांबले असते तर मी कसली! कोराडीच्या बसमध्ये बसल्याबसल्याच मी कॉलनीतल्या बायकांच्या ग्रुपवर लिहून टाकलं, की त्या बोळातल्या सोनाराकडे कोणी जाऊ नका, चांदी बदलतो. कॉलनीतल्या पाच-सहा घरांचं काम त्यांच्याकडे होतं, आणि ते मीच लावून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी घरचे तीन रुपये मी प्रयोगशाळेत नेले, ते खरे आहेत हे सिद्ध करायला. जुना रुपया बरोबर तोळ्याचा भरतो, साडेअकरा ग्रॅमच्या थोडा वर. माझे तिन्ही नऊच्या आसपास घुटमळले. काटा बिघडला असेल म्हणून पुन्हा ठेवले. मग भिंग घेतलं. राणीच्या कानाखाली एक बारीक ओरखडा होता. तिन्ही रुपयांवर, त्याच जागी, तेवढाच लांब. दीडशे वर्षं वेगवेगळ्या हातांतून फिरलेल्या नाण्यांना एकसारखा ओरखडा कसा पडेल? एकाच साच्यातून ओतले होते ते. पर्समधून कागद काढला, तोडलेले दोन तुकडे जोडून पाहिले. कानाखाली तोच ओरखडा. म्हणजे काकाजींनी तोडला तो रुपया माझाच होता.

त्याच क्षणी उठून इतवारीला जायला हवं होतं. मी काय केलं? ग्रुपवरचा माझा तो निरोप गुपचूप पुसून टाकला आणि स्वतःला सांगितलं, मिटलं. आठ दिवस तोंड लपवून बसले. नवव्या दिवशी गेले, तर दुकानात गिऱ्हाईक. मी समोरच्या चहाच्या टपरीवर उभी राहिले, ते जाईपर्यंत. मग आत जाऊन हात जोडले आणि हळूच म्हटलं, काकाजी, चूक माझी होती, रुपयेच खोटे होते, मले माफ करा.

ते सांडशी पुसत होते. वर न पाहताच म्हणाले, "त्या दिवशी तुमचा आवाज मोठा होता, बाई."

रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं.

घरी येऊन मी ग्रुपवर लांबलचक लिहिलं. ऑनलाइन चांदीची नाणी घेताना भाव पाहा, भावाहून स्वस्त असेल तर हात लावू नका, वजन करा, चुंबकावर भरवसा ठेवू नका, सगळ्या नाण्यांवर एकच खूण आहे का ते पाहा. लगेच अंगठे आले, जोडलेले हात आले. ताई, तुम्ही किती सावध! मी ते वाचत बसले, आणि मला बरंही वाटलं. सोनाराचा त्यात एक शब्द नव्हता. तेवढ्यात एकीनं लिहिलं, तुमच्यामुळं वाचलो हो, त्या सोनाराकडं दिलेलं काम आम्ही तेव्हाच परत आणलं.

तेव्हा कुठे मी लिहिलं. सोनार खरा आहे, खोटी मी ठरले, त्यांच्यावर मी भर दुकानात आळ घेतला. या निरोपावर अंगठा आला नाही. दोन घरांचं काम नंतर परत गेलं, बाकीच्यांना नवं दुकान सापडलं होतं.

पण ती तोडेवाली बाई आमच्या ग्रुपवर नाही. तिचं नाव मला ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. काकाजींनाही नाही, ती पहिल्यांदाच आली होती. ती आजही तिच्या गावात सांगत असेल, की इतवारीतला तो म्हातारा चांदी बदलतो. आणि कोणी विचारलंच, तुले कसं माहीत, तर म्हणत असेल, एक शिकलेली बाई माझ्यासमोर बोलली, ते खोटं कायले बोलन.