काकांचा राखाडी कागद

दोन हजार तीनच्या सुमारास रत्नागिरीच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात इंट्रानेट आलं, म्हणजे कंपनीच्या आतल्या आत दिसणारी वेबसाइट. सगळे फॉर्म, परिपत्रकं, नियम तिथे लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी नुकताच कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. नाकावर राग आणि अंगात महाशहाणपण. मुदत सहा महिन्यांची, कारण सहा महिन्यांनी आमचे रेकॉर्डचे काका रिटायर व्हायचे होते आणि कुठला कागद कुठे आहे हे फक्त त्यांना ठाऊक. ते गेल्यावर कोणाचं अडू नये, एवढंच साहेबांनी सांगितलं होतं.

मी खात्यांप्रमाणे छान कप्पे केले. प्रशासन, त्यात सेवाशर्ती, त्यात रजा, त्यात अर्ज. आठवडाभर स्वतःवरच खूश होते. आणि काकांचा फोन? पूर्वीसारखाच खणखणत होता. समोर कॉम्प्युटर असून लोक काकांनाच विचारायचे. माझं डोकंच फिरलं. "काका, तुम्ही फोन उचलू नका बघू! तुम्ही सांगता म्हणून हे शोधत नाहीत."

काका हसले. "अगो बाय, रागावतेस काय? बस इथे. ऐक जरा."

बसले. पहिलाच फोन: "काका, गुलाबी कागद कुठे गेला हो?" पुढचा: "तो पिवळा, बायकोच्या बाळंतपणाचा." तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. काकांनी वर्षानुवर्षं प्रत्येक फॉर्म वेगळ्या रंगाच्या कागदावर छापून घेतला होता. रजेचा गुलाबी, बाळंतपणाचा पिवळा, चष्म्याचा हिरवा. फॉर्मचं खरं नाव कोणालाच माहीत नव्हतं. आणि मी बाईसाहेबांनी स्कॅन करताना सगळे पांढरे करून टाकले होते!

मग दोन महिने मी वही घेऊन काकांच्या फोनशेजारी बसले. माणूस जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत टिपायचं. 'गणपतीला घरी जायचंय.' 'मशीनवर बोट कापलं.' पहिल्या पानावर मी तीच वाक्यं घातली आणि शेजारी रंगाचा चौकोन. हळूहळू काकांचे फोन कमी झाले. शेवटच्या दिवसांत ते मधूनच रिसीव्हर कानाला लावून बघायचे, फोन चालू आहे ना म्हणून. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण ते पाहून मी वहीत डोकं खुपसायचे. मग शाल-नारळ घेऊन काका गुहागरजवळच्या वेळणेश्वरला, गावच्या घरी गेले.

वर्षभराने त्यांचा फोन आला. आवाज पडलेला. "बाय, हिच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे सोमवारी. दिसेनासंच झालंय गो तिला. हॉस्पिटलात द्यायला रिटायर माणसांना खर्चासाठी कंपनीचं पत्र मिळतं, त्याचा अर्ज तेवढा बघ. आता काय, सगळं कॉम्प्युटरवर असेल तुझ्या."

"एवढंच ना? धरा फोन," मी ऐटीत म्हटलं.

रंग शोधले, वाक्यं शोधली, जुने कप्पेही उपसले. नाही म्हणजे नाही. असणार कसा? कप्प्यांत होते नोकरीतल्या माणसांचे कागद, आणि मी टिपले होते काकांना आलेले फोन. रिटायर माणसं फोन करत नसत, चहाच्या निमित्ताने थेट काकांच्या टेबलाशी येत. साऱ्या कारखान्याची सोय केली आणि ज्यांनी मला शिकवलं त्यांनाच विसरले.

"काका, नाही हो सापडत. कुठे असेल?"

काका हसले, अगदी पूर्वीसारखे. "मलाच विचारतेस होय! तिसरं कपाट, खालचा खण. राखाडी कागद."

मी धावत जाऊन तो काढला, भरला, साहेबांच्या टेबलापाशी उभं राहून पत्रावर सही घेतली आणि ते दुपारच्या गुहागर एसटीच्या कंडक्टरच्या हातात दिलं. सोमवारी ऑपरेशन झालं. पट्टी सुटली, काकूंना दिसलं, हे सांगायला काकांनी पुन्हा फोन केला. तोवर मी पहिल्या पानावर राखाडी चौकोन काढून ठेवला होता. शेजारचं वाक्य मात्र सुचत नव्हतं. म्हटलं, काका, तुम्हीच सांगा काय लिहू.

ते म्हणाले, "लिही, 'घरी बसलोय, पण तुमचाच आहे.'"