आमची सोलापूरची जीप घाटात चढते तेव्हा

ट्रिपचे फोटो मोबाइलमध्ये साठतात आणि मेमरी फुल झाली की पटापट डिलीट होतात. किस्से मात्र डिलीट होत नाहीत. स्टाफरूममध्ये डबे उघडले की कुणीतरी "ते आठवतंय का..." म्हणतं आणि भाजी गार होते!

आम्ही वळसंगजवळच्या एका शाळेतले शिक्षक. मी विज्ञान शिकवते. जाधव सर गणित शिकवतात, मूळचे सांगोल्याकडचे. बिराजदार मॅडम शिकवतात मराठी, घरी बोलतात कानडी आणि रागावल्या की दोन्ही! चौथे सलीमभाई. जीप त्यांची आणि चालवणारेही तेच. सुट्टी लागली की आम्ही सपाटीवरची माणसं साताऱ्याच्या डोंगरांकडं सुटतो.

*

पहिल्या वर्षी घाटात एका वळणावर धबधबा थेट रस्त्यावर कोसळत होता. लोक सेल्फी काढत होते. जाधव सर नुसते पाण्याकडं बघत उभे. टँकरच्या रांगेत वाढलेला माणूस तो!

शेवटी म्हणाले, "आरं, कुणी बंद का करंना हे?"

मग जीपमधले दोन रिकामे कॅन काढले, काठोकाठ भरले आणि सांगोल्यापर्यंत मांडीजवळ धरून नेले. आईला दाखवायला!

आईंनी कॅनमध्ये वाकून बघितलं, सगळी हकीकत ऐकली आणि म्हणाल्या, "एवढं वाहत हुतं, आन् दोनच आणलंस व्हय?"

*

घाटमाथ्यावर एक खानावळ आहे. नवरा-बायको चालवतात. ताट ठेवताना मालकीणबाईंनी बजावलं, "जपून हं पाव्हणं, आमचा रस्सा लई तिखट असतो."

बिराजदार मॅडमनी एक घोट घेतला आणि डोळे मिटले. मी पाण्याचा ग्लास पुढं केला. मॅडमनी तो बाजूला सारला, पिशवीतून शेंगाचटणीचा डबा काढला आणि रश्शात दोन चमचे ढवळली!

मालकीणबाई बघतच राहिल्या. मग आत तोंड करून ओरडल्या, "अहो, गॅस बंद करा आन् भाईर या! हे बघा आधी!"

*

सलीमभाईंना व्ह्यू पॉइंटचं फार वेड. एकदा दिवसभरात चार पॉइंट केले. चारही ठिकाणी पांढरंशुभ्र धुकं! प्रत्येक ठिकाणचा मक्याची कणसं विकणारा तेच सांगायचा, "काल यायला पायजे हुतं. काल काय दिसत हुतं!"

चौथ्या पॉइंटवर सलीमभाई गंभीर झाले. "मॅडम, अगले साल एक दिन पैले आयेंगे!"

*

चैत्रात डोंगरातल्या एका गावच्या जत्रेला गेलो होतो. पालखी, ढोल, गुलाल, पाळणे. त्या गर्दीत जाधव सर हरवले. फोन जीपमध्येच! मॅडम तडक मंडपात शिरल्या आणि माइक हातात घेतला.

"सांगोल्याचे जाधव सर, वय बावन्न, अंगात निळा शर्ट, चुकलेले आहेत. कुणाला सापडल्यास बसवून ठेवावं. रडत असतील तर पाणी द्यावं."

सगळी जत्रा हसली. महाप्रसादाच्या पंगतीतून एक निळा हात वर झाला. "मॅडम, मी हितंच हाय! अजून भात यायचाय!"

*

पण सगळ्यांत भारी ते श्रावणातलं.

भर सकाळी घाटात असं धुकं उतरलं, की सलीमभाईंना जीपचं बॉनेट दिसेना. एका बाजूला दरी. थांबावं तर मागून कुणी येऊन धडकेल. सलीमभाई पुटपुटत दुवा मागत होते.

"सलीम, हळू ये माझ्या मागं," म्हणत मॅडम लाल छत्री उघडून खाली उतरल्या! पुढं रस्त्याची कड पायानं चाचपत मॅडम, मागं छत्रीवर नजर ठेवून आमची जीप. "डावीकडं! अरे डावीकडं! एडक्के, एडक्के!" मॅडम कानडीतही तेच ओरडत होत्या.

अर्ध्या तासानं डांबर संपलं आणि समोर तुळशीवृंदावन आलं. धुकं जरा हटलं. आम्ही कुणाच्या तरी अंगणात उभे होतो! मागं पाहिलं तर आमच्या टेललाइटच्या भरवशावर आलेल्या आणखी तीन गाड्या!

फेटा बांधलेले एक आजोबा लगबगीनं बाहेर आले. "या, या! पहाटंपासनं वाट बघतोय. म्हटलं, धुक्यात येताय का न्हाय!"

आम्हाला काही बोलूच दिलं नाही. आत नेलं, बसवलं, हातात गरम पोहे दिले. आम्ही गारठलेलो, गुमान खाल्ले. दुसऱ्यांदाही घेतले. तेवढ्यात आतून नवी साडी नेसलेली एक मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली आणि मॅडमचा चमचा हवेतच थांबला.

"अगं, हा तर मुलगी बघायचा कार्यक्रम!" त्या माझ्या कानात म्हणाल्या.

आजोबांनी हात जोडले. "आता, मुलगा कंचा म्हणायचा?"

अख्ख्या घराच्या नजरा जाधव सरांवर! सर ताडकन उठले. "मी न्हाय! मी गणिताचा हाय!"

मॅडमनी खरं काय ते सांगून माफी मागितली. आजोबांचा चेहरा पडला. "मग आमचं पाव्हणं कुटं राह्यलं? दरीचा रस्ता हाय..." मुलीनं ट्रे खाली ठेवला आणि दाराकडं बघितलं.

एवढ्यात दारात एक भिजलेला, सडपातळ तरुण उभा राहिला. मागं त्याचे आई-वडील. इतका वेळ आमच्या मागच्या तिसऱ्या गाडीत धुकं हटायची वाट बघत बसलेले.

"माफ करा," तो चाचरत म्हणाला, "त्या लाल छत्रीच्या मागं आलो आणि रस्ता चुकलो. आम्हाला मोऱ्यांकडं जायचं होतं."

कुणी काही बोलायच्या आत मुलगीच म्हणाली, "हेच मोऱ्यांचं. बसा. पोहे संपलेत, चहा घ्या!"