भरतीचा कॅन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, मुलींना नाही. नातीला तर मुळीच नाही, ती मला साधीभोळी समजते! तुम्हाला का सांगतेय — ते विचारू नका.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. ठाण्यात खाडीकाठी सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र, तिथल्या प्रयोगशाळेत मी आणि कल्याणची सुलभा. दोघी टेंपररी. मी म्हणजे काय — एमएस्सी, डोळ्यांवर गॉगल, आणि अख्ख्या जिल्ह्यात अमोनिया कळणारी मी एकटीच! आमच्याकडे एक छोटी टाकी होती. तिच्यातले काही जंतू हवा मिळाली की अमोनियाचं नायट्रेट करत. दुसरे, हवा बंद केली की, त्या नायट्रेटचा नायट्रोजन करून सोडून देत. पण भरतीला खाडी गटारांत शिरायची, सांडपाणी खारट व्हायचं. म्हणून जंतूंना खाराची सवय लावायची — सकाळी ओहोटीच्या वेळी भरून ठेवलेल्या कॅनमधलं सांडपाणी, दुपारी त्यात भरतीच्या कॅनमधलं खारट, रोज थोडं थोडं वाढवत. टाकी जमली की दोघींपैकी एकीला कायम करणार होते.

सकाळचं काम सुलभाचं, दुपारचं माझं. आणि माझं नेमकं लग्न ठरलेलं, हे राहायचे डोंबिवलीत... मग काय? आठवडाभर दुपारी मी पसार! नंतर वाटलं, राहिलेला खार एकदम भरून काढू. भरतीचा अख्खा कॅन टाकीत उपडा केला. जंतू म्हणजे काय बुडलेला गृहपाठ वाटला होता मला?

दुसऱ्या दिवशी अमोनिया जसाच्या तसा. सर म्हणाले, "काय गं पोरींनो, जंतूंचं लोणचं घातलंत की काय?" सुलभा खुदकन हसली. मी म्हणाले, "काल सकाळचं पाणी सुलभानं घातलं, सर."

ते खरंच होतं — हेच तर! धड खोटं बोलायचीही हिंमत नव्हती.

सुलभाला टाकीवरून काढून बाटल्या धुवायला बसवलं. मी नवे जंतू आणून जगवले, कायम झाले, पेढे वाटले. पण खरी गोष्ट ही नाहीच. बघा, अजून कशी गोल गोल फिरतेय मी!

त्या दुपारी डबा खाताना तिनं सुकट माझ्यापुढे सरकवली. "अगं, दोन्ही कॅन शेजारी होते. मी चुकून भरतीचा तर नाही ना उचलला? तू होतीस ना, बघितलंस?"

एक 'नाही' पुरलं असतं. तिचीच सुकट चावत मी म्हणाले, "उचलला असशील बाई. होतं असं."

तिनं ते मानलं. पुढे लग्नाकार्यात भेटली की स्वतःच हसत सांगायची, "मी मेली पहिल्यापासून वेंधळी, विचारा हिला!" आणि मी मान डोलवायची.

तिनं ओहोटीचाच कॅन उचलला होता. मी बघितलं होतं.