पीटर म्हणाला, पाणी लागलं

एकोणीसशे त्र्याहत्तर साल. मी तेव्हा छप्पन्न वर्षांचा होतो, म्हणजे आई सांगायची त्या हिशोबानं. माझी शाळा दुसरीपर्यंत, त्यामुळं अक्षरं मागंपुढं होतील, पण लिहितो ते घडलं तसंच लिहितो. त्या वर्षी माझं आणि भैरोबाचं बोलणं बंद होतं.

कारण असं झालं. आमचं गाव पारनेर तालुक्यातलं. पावसानं सारखी पाठ फिरवलेली, ओढा कोरडा, गावाची विहीर तळाला गेलेली. शेतात नवी विहीर खणायची तर जागा देवाला विचारावी म्हणून मी भैरोबाला कौल लावला. देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि मनात प्रश्न धरून समोर बसायचं. उजवी पडली तर होकार. मी विचारलं, बांधावरच्या लिंबापाशी पाणी लागेल का. उजवी कळी अशी पटकन पडली की पुजारीसुद्धा हसला. मी त्याच दिवशी टिकाव मारला. मुरूम लागला, मग पिवळी माती, मग पुन्हा मुरूम. चार पुरुष, म्हणजे चार माणसांच्या उंचीएवढा खोल गेलो तरी ओल म्हणून नाही. आता देव खोटा की मी वेडा, यातलं काहीतरी एक धरावं लागणार होतं, आणि मी वेडा आहे असं मला काही वाटत नव्हतं. देवळात जाणं सोडलं. खणणं मात्र सोडलं नाही.

त्याच सुमारास गावात पीटर आला. परदेशातून आपल्याकडं खेड्यात पगार न घेता काम करायला येणारे तरुण असत, त्यांतला हा. ओढ्याच्या पलीकडं, तालुक्याच्या साहेबांनी ठरवून दिलेल्या जागेवर, गावासाठी पिण्याच्या पाण्याची विहीर खणायची, हे त्याचं काम. राहायला शाळेमागची खोली. पहाटे उठून तांब्याभर पाण्यात कपडे खळबळायचा, राखेनं भांडी घासायचा, आणि बायका तोंडाला पदर लावून बघत उभ्या राहायच्या. दिवसभर उन्हात गावकऱ्यांबरोबर पाट्या उचलायचा. नाकाची साल निघायची, हाताला फोड यायचे, पण हसणं जायचं नाही. भाकरी तेवढी त्याला थापता येईना, म्हणून आमची घरची त्याला रोज दोन भाकरी देऊ लागली.

पीटरचं गावात 'पितर' झालं होतं. माझा चुलत भाऊ किसन तिला म्हणायचा, "वैनी, लोकांचे पितर वर्सातनं एकदा जेवत्यात. तुमचा तर रोजच दारात."

ती म्हणायची, "माझा पितर जेवल्यावर ताट तरी घासून ठिवतो. तुमी ठिवता का?"

मराठी तो पुस्तकातून शिकून आला होता. सगळ्यांशी मानानं बोल, असं त्याला कुणीतरी बजावलं असावं. वाटेत म्हैस आडवी आली तर तिलाही म्हणायचा, "अहो म्हैस, जरा सरका." शब्द मात्र मनानंच जुळवायचा. कधी जुळायचे, कधी नाही.

एकदा तो माझ्या विहिरीवर आला. वाकून बघितलं, कडेचा मुरूम हातानं चुरगळला आणि म्हणाला, "काका, ही माती सैल आहे. तुम्ही आत नका जाऊ. आमच्या विहिरीवर या."

मी म्हणालो, "माझी जागा देवानं दिलीय. तुझी कुनी दिली?"

"साहेबांनी."

"मग सायबालाच माग पानी."

देवाशी माझं भांडण होतं, पण ते घरातलं. परक्यापुढं मी त्याचीच बाजू घेणार. त्याच दिवशी मी किसनला सांगून टाकलं की पलीकडच्या विहिरीवर आपला पाय पडायचा नाही, तिथलं पाणीही प्यायचं नाही.

मग ती वैशाखातली दुपार आली. मी तळाशी खणत होतो आणि वर किसन दोरानं पाट्या ओढत होता. घरचीनं भाकरी आणली आणि वरून हाक दिली, "अवं, वर या. चार घास खाऊन घ्या."

"पाटीत घालून खाली सोड."

"जरा सावलीला तरी बसा."

"हितं सावलीच हाय. सोड म्हनतो ना."

मी वर गेलो तर काम थांबेल, आणि काम थांबलं तर मी हरलो, असं माझं चाललं होतं. भाकरी खाली आली. मी कडेला टेकून बसलो, घास मोडला, तेवढ्यात वरून पीटरचा घोगरा आवाज आला.

"काका! पाणी लागलं! खूप पाणी लागलं!"

विहीर खणणाऱ्याला हे दोन शब्द म्हणजे काय, ते दुसऱ्याला सांगून कळायचं नाही. घास हातातच राहिला. पलीकडं पाणी लागलं. साहेबाच्या जागेला लागलं आणि देवाच्या जागेला नाही. मी मनात म्हणालो, भैरोबा, मी तुझा जन्माचा, आणि दिलंस ते त्याला? भाकरी पाटीत टाकली आणि खोबणीत पाय देत वर चढलो. आनंदानं नव्हे. माझ्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी ते खरं मानणार नव्हतो.

वर पीटर लिंबाखाली बसला होता, भाकरीसाठी उन्हातून चालत आलेला. तोंड तांबडंलाल, ओठ फुटलेले. मी विचारलं, "कुठं लागलं?"

त्यानं गळ्यावर हात ठेवला. "इथं."

किसन पोट धरून हसायला लागला. "दादा, त्याला तहान लागलीय. भूक लागली म्हनत्यात, तसं त्यानं पानी लागलं केलं."

घरचीनं त्याच्यापुढं तांब्या धरला. "बाबा, तहान लागली म्हनावं. पानी लागलं ते येगळं."

"तहान लागली," शाळेतल्या पोरासारखं म्हणून त्यानं तांब्या तोंडाला लावला. मी त्याला शिवी द्यायला तोंड उघडलं, आणि पाठीमागं धप्पकन आवाज झाला. पायाखालची जमीन हादरली. विहिरीतून धुळीचा लोट वर आला.

धूळ बसल्यावर आम्ही वाकून बघितलं. एका बाजूची कड सगळी खाली गेली होती. मी टेकून बसलो होतो तिथं माणूस पुरेल एवढा ढीग. टिकाव, पहार, भाकरी, सगळं त्याच्याखाली. किसनचं हसू कुठल्या कुठं गेलं. घरचीनं माझ्या धोतराचा सोगा मुठीत धरला, तो काही सोडेना.

पीटर एकदा माझ्याकडं बघे, एकदा विहिरीकडं. हळूच म्हणाला, "काका, मी चुकीचं बोललो?"

मी म्हणालो, "न्हाई बाबा. बरूबर बोललास."

संध्याकाळी मी देवळात गेलो. नारळ नाही, फूल नाही, अंगावर धूळ तशीच. पायरीवर बसलो. मी पाणी मागितलं होतं आणि कुठलं, कुठं, कसं, हेही मीच ठरवून ठेवलं होतं. पाणी लागेल का म्हणून विचारलं, तर पाणी लागलं असं वरून ओरडून सांगायला त्यानं माणूस धाडला, तोही सातासमुद्रापलीकडून. आमच्या गावचे मास्तर म्हणतात, योगायोग. असेल. मास्तरांशी मी वाद घालत नाही. पण जो माझ्या हाकेला ओ देतो, त्यानं माझ्याच अर्थानं बोलावं हा हट्ट मी त्या संध्याकाळी पायरीवर सोडला. बाकीचे हट्ट आहेत अजून, घरची सांगेल. उठताना हात जोडले, आणि जोडायला हे हात आज आहेत हीच केवढी गोष्ट.

पलीकडच्या विहिरीला पाणी पुढं पावसाळ्याच्या तोंडावर लागलं आणि सगळं गाव ते प्यायलं, मीही प्यायलो. पण ते पुढचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओढा ओलांडून तिथं गेलो. बाया-माणसं पाट्या उचलत होती. मला बघून सगळ्यांचे हात थांबले. पीटर धावत आला, डोक्याचा पंचा काढून दगडावर अंथरला आणि म्हणाला, "अहो काका, बसा."

मी त्याच्या हातातला टिकाव घेतला आणि खाली उतरलो.